‘लाइकली’ कधी आणि कसा वापरावा: मराठीत विचार करून इंग्रजी लिहिणाऱ्यांसाठी

‘सोमवारपर्यंत फाइल बहुतेक तयार होईल’ एवढेच कळवायचे होते. माझ्या एका सहकाऱ्याने परदेशातल्या ग्राहकाला लिहिले, ‘द फाइल विल मोस्टली बी रेडी बाय मंडे.’ तासाभरात उत्तर आले, की कोणता भाग तयार होणार नाही ते कळवा, म्हणजे तेवढ्याची बैठक आम्ही पुढे ढकलतो. सहकाऱ्याला हा प्रश्नच कळेना, कारण भाग वगैरे काही राहणार असे त्याने लिहिलेच नव्हते. निदान त्याच्या मते तरी नव्हते.

गोची ‘बहुतेक’ या शब्दात आहे. मराठीत तो दोन कामे करतो. ‘बहुतेक पाहुणे आले’ या वाक्यात तो प्रमाण सांगतो, तर ‘तो बहुतेक येईल’ या वाक्यात अंदाज सांगतो. इंग्रजीतल्या ‘मोस्टली’ला यातले पहिलेच काम जमते. दुसऱ्या कामासाठी इंग्रजीत ‘प्रॉबेबली’ आणि ‘लाइकली’ हे शब्द आहेत, आणि त्यांतला ‘लाइकली’ आपल्याकडे सर्वांत जास्त चुकतो. मराठी माणसांची इंग्रजी पत्रे आणि इंग्रजीतून मराठीत आलेले मजकूर तपासण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. चुका त्याच त्या सात-आठ असतात आणि बहुतेक (इथे प्रमाण) चुका व्याकरणाच्या नसून क्रमाच्या असतात: लिहिणारा आधी वाक्याचा साचा शोधतो आणि आपल्याला नेमके किती खात्रीने बोलायचे आहे हे शेवटी ठरवतो, किंवा ठरवतच नाही. म्हणून पुढच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच कराव्यात.

तयारी: ‘शक्यता आहे’ हे शब्द बाजूला ठेवा

इंग्रजी वाक्य लिहिण्याआधी आपले म्हणणे मराठीत एका ओळीत लिहून काढावे. एकच अट आहे: त्या ओळीत ‘शक्यता आहे’ हे शब्द वापरायचे नाहीत. ‘शक्यता’ हे मराठीतले फार मोठे पोते आहे. ‘शक्यता नाकारता येत नाही’ यापासून ‘दाट शक्यता आहे’ येथपर्यंत सगळे त्यात मावते, आणि इंग्रजीत मात्र या दोन टोकांना वेगवेगळे शब्द आहेत. पोते उघडून पाहिल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही.

त्याऐवजी पुढच्या तीन गटांतला एक शब्दप्रयोग निवडावा.

पहिला गट: कदाचित, होऊही शकेल, सांगता येत नाही. यासाठी इंग्रजीत ‘मे’, ‘माइट’, ‘पॉसिबल’.

दुसरा गट: बहुधा, बहुतेक, होईलसे दिसते, तशी चिन्हे आहेत, दाट शक्यता. यासाठी ‘लाइकली’, ‘प्रॉबेबल’, ‘प्रॉबेबली’.

तिसरा गट: जवळजवळ नक्की, झाल्यातच जमा. यासाठी ‘ऑलमोस्ट सर्टन’.

(जाता जाता: ‘बहुधा’ हा शब्द ‘ध’नेच लिहावा. ‘बहुदा’ असे लिहिलेले आता छापील मजकुरातही दिसते आणि ते चूक आहे.)

तयारीतली दुसरी गोष्ट म्हणजे वाचणारा कोण आहे याची नोंद. तो अमेरिकी आहे, ब्रिटिश वळणाचे इंग्रजी वाचणारा आहे, की स्वतःची ठरलेली परिभाषा असलेली एखादी संस्था आहे, यावरून पाचवी आणि आठवी पायरी बदलते.

पायरी १: वजन ठरवा

रोजच्या इंग्रजीत ‘लाइकली’ म्हणजे पारडे होण्याच्या बाजूला झुकले आहे. न होण्यापेक्षा होणेच अधिक संभवते, आणि असे म्हणण्यास बोलणाऱ्याकडे काही आधार आहे. नुसते ‘होऊ शकते’ म्हणजे ‘लाइकली’ नव्हे. पृथ्वीवर कुठेही कधीही उल्का पडू शकते, म्हणून उद्या तुमच्या अंगणात ती पडणे ‘लाइकली’ होत नाही.

हा फरक केवळ शिकवणीपुरता नाही. सदोष मनुष्यवधाची व्याख्या आधी भारतीय दंड संहितेच्या कलम २९९ मध्ये होती आणि १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम १०० मध्ये आहे. जिच्यामुळे मृत्यू येणे ‘लाइकली’ आहे अशी शारीरिक इजा, असे शब्द तिच्या इंग्रजी पाठात आहेत. तिथल्या ‘लाइकली’चा अर्थ ‘प्रॉबेबल’ असा आहे आणि तो निव्वळ ‘पॉसिबिलिटी’पेक्षा वेगळा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध पुन्नय्या या खटल्यात स्पष्ट केले. कोणत्याही जखमेने मृत्यू येऊ शकतो एवढे म्हणून तिथे भागत नाही.

तपासणी: आपले वाक्य वाचून स्वतःला विचारावे, ‘हे झाले नाही तर मला थोडे तरी आश्चर्य वाटेल का?’ उत्तर ‘हो’ असेल तर ‘लाइकली’ योग्य आहे. ‘छे, त्यात काय’ असे असेल तर ‘मे’ किंवा ‘माइट’ वापरावे आणि इथेच थांबावे.

पायरी २: शब्दाची जात ओळखा

शेवटी ‘ली’ आहे म्हणून हे ‘स्लोली’, ‘क्विकली’सारखे क्रियाविशेषण असावे, असा ग्रह शाळेपासून होतो. ‘लाइकली’ मुळात विशेषण म्हणून वापरला जातो आणि तो ‘फ्रेंडली’, ‘लोनली’ यांच्या पंगतीत बसतो. ‘शी इज फ्रेंडली’ म्हणतो तसेच ‘रेन इज लाइकली’ म्हणायचे. म्हणजेच अशा वाक्यात त्याच्या आधी सहसा ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’ यांपैकी काहीतरी असावे लागते (नामाआधी येणारा ‘लाइकली’ नवव्या पायरीवर आहे). वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत ‘हेवी रेन लाइकली टुडे’ असे छापतात, पण तिथे जागा वाचवण्यासाठी ‘इज’ गाळलेला असतो. पत्रात किंवा अहवालात मथळ्याची भाषा चालत नाही.

त्याचा क्रियाविशेषण म्हणूनही वापर होतो, पण तो पाचव्या पायरीवर. तोपर्यंत त्याला विशेषणच समजावे.

पायरी ३: तीनपैकी एकच साचा घ्या

साचे तीनच आहेत. चुका बहुधा दोन साच्यांची खिचडी झाल्यामुळे होतात.

पहिला साचा, कर्त्यापासून सुरू होणारा: ‘ही इज लाइकली टु कम.’ कर्ता, मग ‘इज लाइकली टु’, मग क्रियापदाचे मूळ रूप. निर्जीव कर्ताही चालतो: ‘द ट्रेन इज लाइकली टु बी लेट.’

दुसरा साचा, ‘इट’पासून सुरू होणारा: ‘इट इज लाइकली दॅट ही विल कम.’ ‘दॅट’च्या पुढे स्वतःचा कर्ता आणि स्वतःचे क्रियापद असलेले संपूर्ण वाक्य येते.

तिसरा साचा, ‘देअर’पासून सुरू होणारा: ‘देअर इज लाइकली टु बी अ डिले.’ मराठीत ‘उशीर होण्याची चिन्हे आहेत’ असे म्हणताना कर्ता कोण हा प्रश्न आपल्याला पडत नाही. इंग्रजीत तो पडतो, आणि अशा वेळी हा साचा कामाला येतो.

आता खिचडीचे नमुने पाहू. ‘ही इज लाइकली दॅट ही विल कम’ या वाक्यात पहिल्या साच्याचे तोंड आणि दुसऱ्याचे शेपूट आहे. ‘इट इज लाइकली टु कम’ अशा अर्धवट वाक्यात कोण येणार तेच सांगितलेले नसते. ‘ही विल लाइकली टु कम’ यात ‘विल’ही आहे आणि ‘टु’ही, म्हणजे एकाच घोड्यावर दोन खोगिरे. ‘लाइकली टु कमिंग’ आणि ‘लाइकली टु कम्स’ यांत ‘टु’नंतरचे रूप बिघडले आहे.

‘प्रॉबेबल’ आणि ‘पॉसिबल’ यांना पहिला साचा चालत नाही, हेही लक्षात ठेवावे. ‘ही इज प्रॉबेबल टु कम’ किंवा ‘ही इज पॉसिबल टु कम’ ही वाक्ये चुकीची आहेत. माणसाला कर्ता करून त्याच्याविषयी अंदाज सांगण्याची सोय ‘लाइकली’मध्ये आहे, त्या दोघांत नाही. त्यांना दुसराच साचा द्यावा लागतो: ‘इट इज प्रॉबेबल दॅट ही विल कम.’

सावधान: रजेच्या अर्जात ‘आय ॲम लाइकली टु टेक लीव्ह ऑन फ्रायडे’ असे लिहिले, तर त्याचा अर्थ ‘शुक्रवारी मी बहुधा सुट्टी घेईन’ असा होतो. साहेब त्याला मंजुरी देणार कशाची? तिथे ‘आय वुड लाइक टु टेक लीव्ह’ हवे. ‘लाइक’ म्हणजे आवडणे किंवा इच्छा असणे, आणि ‘लाइकली’ म्हणजे अंदाज. दोघांत उच्चाराच्या एका ‘ली’चे अंतर आहे आणि घाईत ती ‘ली’ कुठेही जाऊन चिकटते.

दुसरी सावधगिरी ‘लायेबल’ या शब्दाबाबत. ‘इन्कम्प्लीट ॲप्लिकेशन्स आर लायेबल टु बी रिजेक्टेड’ हे वाक्य सरकारी जाहिरातींत नेहमी असते. त्याचा अर्थ ‘अपूर्ण अर्ज बहुधा फेटाळले जातील’ असा नाही. ते फेटाळण्याचा अधिकार आम्हाला आहे आणि तुम्ही त्याला पात्र ठरता, असे ते सांगते. तो अंदाज नसून इशारा आहे. तिथे ‘लाइकली’ घालून वाक्य मवाळ करू नये.

पायरी ४: ‘असावा’ आणि ‘असेल’ यांचा काळ सांभाळा

पुढे काय होईल याचाच अंदाज ‘लाइकली’ने सांगता येतो, अशी अनेकांची समजूत असते. ती खरी नाही. आत्ता काय चालले असावे आणि मागे काय झाले असावे, हेही त्याने सांगता येते, फक्त ‘टु’नंतरचे रूप बदलावे लागते.

‘तो आता घरी असेल’ हे मराठी वाक्य रूपाने भविष्यकाळी असले तरी अंदाज आत्ताचा आहे, म्हणून ‘ही इज लाइकली टु बी ॲट होम नाऊ.’ ‘ती झोपली असावी’ यासाठी ‘शी इज लाइकली टु बी अस्लीप.’ ‘ते एव्हाना निघाले असावेत’ यासाठी ‘दे आर लाइकली टु हॅव लेफ्ट बाय नाऊ.’ मागच्या घटनेचा अंदाज म्हटला की ‘टु हॅव’ आणि पुढे क्रियापदाचे तिसरे रूप, एवढे पक्के करावे. ‘दे आर लाइकली टु लेफ्ट’ हे रूप इंग्रजीत नाही.

‘वॉज लाइकली टु’ची गोष्ट निराळी आहे. ‘द ब्रिज वॉज लाइकली टु कोलॅप्स’ म्हणजे त्या वेळी पूल पडेल असे दिसत होते. तो पडला की नाही हे वाक्य सांगत नाही. मराठीत याचे ‘पूल बहुधा पडला’ असे भाषांतर मी पाहिले आहे आणि त्याने उभा असलेला पूल कागदावर पाडला होता.

तपासणी: अंदाज बांधणारा आत्ता बोलतो आहे का? असेल तर ‘इज’. तो तेव्हा बोलत होता का? तर ‘वॉज’. घटना अंदाजाच्याही आधीची आहे का? तर ‘टु हॅव’.

पायरी ५: क्रियाविशेषण म्हणून वापरायचा असेल तर जागा पाहा

‘द फाइल विल लाइकली बी रेडी बाय मंडे’ हे वाक्य अमेरिकी वाचकाला अगदी सहज वाटते. ब्रिटिश वळणाच्या औपचारिक इंग्रजीत असा एकटा ‘लाइकली’ खटकतो आणि त्याच्या आधी ‘व्हेरी’, ‘मोस्ट’ किंवा ‘क्वाइट’ लावण्याची रीत आहे: ‘द फाइल विल मोस्ट लाइकली बी रेडी.’ आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांचे वळण ब्रिटिश आणि रोजच्या कामातल्या मेलचे वळण अमेरिकी, त्यामुळे दोन्ही कानांवर पडतात आणि कोणते बरोबर यावर वाद होतात. वादात पडण्यापेक्षा पहिला साचा घ्यावा. ‘द फाइल इज लाइकली टु बी रेडी बाय मंडे’ हे वाक्य दोन्हीकडे बिनतक्रार चालते. मी स्वतः कामाच्या पत्रात याच्याबाहेर सहसा जात नाही.

तरीही क्रियाविशेषणच हवे असेल, तर त्याची जागा साहाय्यक क्रियापदानंतर आणि मुख्य क्रियापदाआधी असते: ‘विल मोस्ट लाइकली कम’, ‘हॅज व्हेरी लाइकली गॉन’. मराठीत ‘बहुतेक तो येईल’ अशी सुरुवात करण्याची सवय असल्यामुळे ‘लाइकली, ही विल कम’ असे लिहिले जाते. वाक्याच्या तोंडाशी एकटा ‘लाइकली’ अवघडल्यासारखा दिसतो. तिथे ‘मोस्ट लाइकली, ही विल कम’ किंवा सरळ ‘प्रॉबेबली’ वापरावे.

पायरी ६: ‘मोअर’, ‘मोस्ट’ आणि तो ‘मोस्टली’

‘मोस्ट लाइकली’ आणि ‘मोस्टली’ यांची गल्लत सुरुवातीलाच पाहिली. ती कशी ओळखायची? आपल्या मराठी वाक्यात ‘बहुतेक’च्या जागी ‘बहुधा’ घालून पाहावे. वाक्य जसेच्या तसे राहिले तर तो अंदाज आहे, ‘मोस्टली’ला हात लावू नये. ‘बहुधा’ बसत नसेल आणि ‘बराचसा’ किंवा ‘पुष्कळसे’ बसत असेल, तर ते प्रमाण आहे आणि ‘मोस्टली’ योग्य आहे. ‘फाइल बहुधा तयार होईल’ आणि ‘फाइल बरीचशी तयार होईल’ ही दोन वेगळी आश्वासने आहेत. पहिल्यात सोमवारी सगळे मिळेल किंवा काहीच मिळणार नाही, दुसऱ्यात काहीतरी मिळेलच.

‘मोअर लाइकली’ला तुलना लागते. ‘पावसाची शक्यता जास्त आहे’ म्हणताना आपल्या मनात तुलना नसते, ‘जास्त’ म्हणजे ‘बरीच’ एवढाच अर्थ असतो. त्याचे ‘इट इज मोअर लाइकली टु रेन’ केले की इंग्रजी वाचक ‘कशापेक्षा?’ म्हणून पुढच्या ओळीची वाट पाहतो. ‘देअर आर मोअर चान्सेस ऑफ रेन’ हेही त्याच मुशीतले. तुलना नसेल तर ‘व्हेरी लाइकली’ किंवा ‘देअर इज अ गुड चान्स ऑफ रेन’ असे लिहावे. तुलना असेल तर मात्र ती पूर्ण करावी: ‘रेन इज मोअर लाइकली इन द इव्हिनिंग दॅन इन द मॉर्निंग.’

पायरी ७: नकार जपून करा

इथे चूक उलट दिशेने होते. ‘ही इज अनलाइकली टु कम’ म्हणजे तो येण्याची फारशी शक्यता नाही. यातला ‘फारशी’ गळला की ‘तो येण्याची शक्यता नाही’ असे उरते, आणि मराठीत ते जवळजवळ ‘येणारच नाही’ असे ऐकू येते. इंग्रजीने दार लोटून घेतले होते, मराठीने कडी घातली.

इंग्रजीत लिहितानाही तसेच. ‘तो येईल असे वाटत नाही’ यासाठी ‘अनलाइकली’ किंवा ‘नॉट लाइकली’, आणि ‘तो येणे शक्यच नाही’ यासाठी ‘इम्पॉसिबल’ किंवा ‘ही कॅनॉट कम’. दोघांची अदलाबदल करू नये. ‘नॉट अनलाइकली’ असा दुहेरी नकारही वाचनात येतो. त्याचा अर्थ ‘अगदीच असंभव नाही’ असा सावध असतो, आणि वाचणाऱ्याला दोनदा थांबावे लागत असल्याने कामाच्या पत्रात तो टाळलेलाच बरा.

पायरी ८: मजकूर कोणाचा आहे ते पाहून मोजपट्टी बदला

ही पायरी बहुसंख्य लोक गाळतात, आणि मोठी नुकसानी इथेच होते. काही संस्थांनी ‘लाइकली’ला आकड्यात बांधलेले आहे, आणि प्रत्येकीचे आकडे वेगळे आहेत.

भारतीय हवामान विभागाच्या पत्रकाच्या शेवटी एक छोटा तक्ता असतो. त्यानुसार ‘अनलाइकली’ म्हणजे २५ टक्क्यांहून कमी, ‘लाइकली’ म्हणजे २५ ते ५० टक्के, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे ५० ते ७५ टक्के आणि ‘मोस्ट लाइकली’ म्हणजे ७५ टक्क्यांहून अधिक. म्हणजे या पत्रकातला नुसता ‘लाइकली’ निम्म्यावरही जात नाही. पहिल्या पायरीवर सांगितलेले रोजच्या इंग्रजीतले वजन इथे लागू पडत नाही.

हवामान बदलविषयक आंतरसरकारी समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या अहवालांत हेच शब्द पाहावेत. तिथे ‘लाइकली’ म्हणजे ६६ ते १०० टक्के, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे ९० ते १०० टक्के, ‘अनलाइकली’ म्हणजे ० ते ३३ टक्के, आणि ‘अबाउट ॲज लाइकली ॲज नॉट’ म्हणजे ३३ ते ६६ टक्के. अमेरिकी गुप्तवार्ता विभागांच्या २०१५ च्या लेखननियमांत ‘लाइकली’ ५५ ते ८० टक्क्यांत बसतो. शब्द एकच, पण एका कागदावर तो तिनातून एकदा घडणाऱ्या गोष्टीला लागू शकतो आणि दुसऱ्या कागदावर तिनातून किमान दोनदा घडणाऱ्या गोष्टीला.

एक ओळ जवळून पाहू. पावसाळ्यात हवामान विभागाच्या पत्रकात असे वाक्य असते: ‘हेवी रेनफॉल लाइकली ॲट आयसोलेटेड प्लेसेस ओव्हर कोकण अँड गोवा.’ यात मोजून ठेवलेले तीन शब्द आहेत. ‘हेवी’ म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर. ‘ॲट आयसोलेटेड प्लेसेस’ म्हणजे त्या उपविभागातल्या २५ टक्क्यांपर्यंतच्या केंद्रांवर, मराठी पत्रकांच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’. आणि ‘लाइकली’ म्हणजे २५ ते ५० टक्के. याचे ‘कोकण आणि गोव्यात मुसळधार पाऊस होणार’ असे भाषांतर केले की तीनपैकी दोन शब्द सांडले. ‘कोकण व गोव्यात तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता’ हे बरोबर आहे, आणि तयारीत बाजूला ठेवलेला ‘शक्यता’ हा शब्द इथे उपयोगी पडतो, कारण पत्रकातला ‘लाइकली’ खरोखरच तेवढा सैल आहे. त्याला ‘दाट’ जोडू नये. ‘दाट शक्यता’ हे शब्द पत्रकातल्या ‘व्हेरी लाइकली’साठी राखून ठेवावेत.

आयपीसीसीच्या बाबतीत उलट करावे लागते. माणसाच्या कृतींमुळे १८५०–१९०० च्या तुलनेत २०१०–२०१९ या दशकात पृथ्वीच्या पृष्ठभागाचे तापमान किती वाढले, याची ‘लाइकली रेंज’ २०२१ च्या अहवालात ०.८ ते १.३ अंश सेल्सिअस अशी दिली आहे आणि सर्वांत योग्य अंदाज १.०७ अंश असा आहे. याचे ‘०.८ ते १.३ अंश वाढ झाली असण्याची शक्यता’ केले, तर वाढ झाली की नाही यावरच शंका असल्यासारखे वाटते. शंका वाढीबद्दल नसून तिच्या नेमक्या मापाबद्दल आहे. ‘ही वाढ बहुधा ०.८ ते १.३ अंशांच्या दरम्यान आहे’ असे लिहिले की शब्द योग्य जागी बसतो.

तपासणी: मजकूर एखाद्या संस्थेचा असेल तर भाषांतराला बसण्याआधी त्याच्या शेवटचे पान किंवा तळटीप उघडून ‘लाइकली’ची व्याख्या दिली आहे का ते पाहावे. दिली असेल तर तीच खरी, शब्दकोश नंतर.

पायरी ९: मराठीत आणताना शब्द निवडा

नामाआधी आलेल्या ‘लाइकली’ला ‘संभाव्य’ हा शब्द बऱ्याचदा जमतो: ‘द लाइकली कॉज’ म्हणजे ‘संभाव्य कारण’, ‘द लाइकली कँडिडेट’ म्हणजे ‘संभाव्य उमेदवार’. मात्र ‘संभाव्य’ हा ‘पॉसिबल’लाही वापरतात, म्हणून एकाच परिच्छेदात ‘पॉसिबल कॉझेस’ची यादी आणि त्यानंतर ‘द मोस्ट लाइकली कॉज’ आले असेल, तर पहिल्याला ‘शक्य कारणे’ आणि दुसऱ्याला ‘बहुधा हेच कारण’ असे वेगळे करावे. दोन्हीकडे ‘संभाव्य’ घातले की तपास करणाऱ्याने घेतलेली मेहनत मराठीत पुसली जाते.

‘अ लाइकली स्टोरी’ या शब्दप्रयोगात अर्थ उलटा असतो. तो उपरोधाने म्हणतात आणि मराठीत त्याचे ‘वा, म्हणे!’ किंवा ‘सांगा दुसऱ्या कोणाला’ असे काही करावे लागते. ‘नॉट लाइकली!’ हा एकटाच उद्गार आला तर तोही अंदाज नसून ‘मुळीच नाही’ असा ठाम नकार असतो.

वैद्यकीय अहवालांत तर जास्तच जपावे लागते. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद करताना जागतिक आरोग्य संघटनेशी संबंधित वर्गवारीत ‘प्रॉबेबल/लाइकली’ आणि ‘पॉसिबल’ असे दोन वेगळे वर्ग आहेत. रुग्णाच्या घरच्यांना अहवाल मराठीत सांगताना दोघांसाठी ‘शक्यता आहे’ म्हटले की हा भेद नाहीसा होतो. सोनोग्राफीच्या अहवालात ‘लाइकली बिनाइन’ असे लिहिलेले असेल, तर ‘गाठ साधी आहे’ असे सांगू नये आणि ‘साधी असू शकते’ असेही सांगू नये. पहिल्याने पुढची तपासणी टळते, दुसऱ्याने घरातल्यांची झोप उडते. ‘गाठ बहुधा साधी आहे, असे डॉक्टरांनी लिहिले आहे’ असे सांगावे, आणि अहवालात पुढे तपासणीची तारीख दिलेली असेल तर ती त्याच वाक्यात सांगावी.